कागदावरची तीन वर्षं

ज्येष्ठातला रविवार होता आणि दाना ओली नावाच्या गल्लीतल्या पागनिसांच्या घरात एकाच वेळी दोन गोष्टी निवडल्या जात होत्या. माजघरात वर्षाचे गहू, आणि बैठकीत रघुनाथरावांचं म्हातारपण. गव्हांना निदान तीन बायका लागल्या होत्या, हाताशी सूप, चाळणी, परात होती. म्हातारपण निवडायला बसलेल्या तिघा पुरुषांजवळ दफ्तरातून आलेला एक कागद होता, बस्स. त्यातही ज्यांचं म्हातारपण, ते रघुनाथराव तर तोंडच उघडत नव्हते.

बाहेर लू, उन्हाळ्यातली ती भाजणारी झळ, सुटली होती. बैठकीच्या दाराला भिजवलेला वाळ्याचा पडदा लावला होता आणि आतलं दार वाऱ्यासाठी उघडं होतं, त्यामुळे बैठकीतला शब्द न् शब्द माजघरात येत होता. इंदुताई उघड्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, हातानं खडे वेचत होत्या आणि कान सगळे मागं होते.

या महिनाअखेर रघुनाथरावांना पेन्शन लागायची होती. जकातीच्या हिशेब-दफ्तरात सदतीस वर्षं काढून ते हेडकारकून झाले होते. पगार एकशे दहा रुपये. तो दर एक तारखेला थोरल्या भावाच्या, माधवरावांच्या हातावर ठेवायचा आणि माधवरावांनी त्यातून घर चालवायचं, ही रीत. माधवरावांकडे घरची देवस्थानाची पूजा होती, तिचं वर्षासन वर्षाला एकशे वीस रुपये. म्हणजे घर चालायचं ते धाकट्याच्या पैशावर आणि चालवायचा थोरला. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, रघुनाथरावांना तर नाहीच नाही. इंदुताईंच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा पगार त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्या पगाराचे गहू, तूर नि तेल होऊन आलं की मग त्यांची भेट व्हायची.

"रघुनाथा, मोठ्यानं वाच. लक्ष्मीकांतालाही कळू दे," माधवराव म्हणाले.

रघुनाथरावांनी चष्मा लावला. दफ्तराचं म्हणणं सोपं होतं. पेन्शन महिना पन्नास रुपये, जिवात जीव असेपर्यंत. किंवा अर्धी पेन्शन सरकारला विकून टाका. मग महिना पंचवीसच मिळतील, पण विकलेल्या अर्ध्याचे पैसे आत्ता, एकरकमी. किती, ते वयावर. पंचावन्नाव्या वर्षी विकली तर अकरा वर्षांचे, तेहेतीसशे. बावन्नाव्या वर्षी विकली तर बारा वर्षांचे, छत्तीसशे. काय ते उद्या सोमवारी लिहून द्यायचं. एकदा लिहिलं की फिरवता येणार नाही.

"आणि आपण पंचावन्न," लक्ष्मीकांत म्हणाला. "तेहेतीसशे. बहोत है, काका!"

लक्ष्मीकांत हा माधवरावांचा एकुलता एक मुलगा. वय सव्वीस. नई सडकेवर एका कापडवाल्या सेठाकडे मुनिमी करायचा. सेठ दुकान मोडून मथुरेला मुलाकडे निघाला होता आणि तीन हजारात माल, गादी, गिऱ्हाइकं सगळं देतो म्हणत होता. सेठानं असं म्हटल्यापासून लक्ष्मीकांतला झोप नव्हती. पोरगा वाईट नव्हता. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, फक्त बोलता बोलता हिंदीत शिरायचा आणि शिरला की तिथून लवकर बाहेर यायचा नाही.

"काका, मौका एकदाच येतो. हाथ से निकल गया तो निकल गया. तुमचं नाव दुकानावर, मेहनत माझी. महिन्याला शंभर कुठे गेले नाहीत!"

"शंभर!" माजघरात पद्माताईंचे हात थांबले. पद्माताई म्हणजे माधवरावांची बायको, इंदुताईंची थोरली जाऊ. "ऐकलंस का इंदू? शंभर! माझा लक्ष्मीकांत आता दुसऱ्याच्या गादीवर बसून दुसऱ्याच्या पावत्या फाडणार नाही."

"ऐकलं, जाऊबाई," इंदुताई म्हणाल्या आणि एक खडा परातीबाहेर टाकला. त्यांच्या डोक्यात शंभर नव्हतेच. त्यांच्या डोक्यात ते पंचावन्न अडकले होते.

कारण रघुनाथराव पंचावन्न वर्षांचे नव्हतेच मुळी. ते होते बावन्न वर्षांचे. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते विसरूनही गेला होता, इतकी ती गोष्ट जुनी झाली होती. सासरे तापानं गेले तेव्हा माधवराव सतरा वर्षांचे, रघुनाथराव पंधराचे आणि बहीण वनमाला अकराची. देवाची पूजा थोरल्याकडे आली, पण वर्षासनात सासूबाईंसकट चार तोंडं भरणार कशी? दफ्तरात उमेदवार घेत होते, वय अठरा पाहिजे. सतरा वर्षांच्या माधवरावांनी अर्ज लिहिला आणि पंधरा वर्षांच्या भावाला एका ओळीत अठराचा केला. दफ्तरातल्या कुणी तरी डोळेझाक केली. त्या दिवसापासून सरकारी कागदावर धाकटा थोरला झाला आणि थोरला धाकटा. पूर्वी दिवाळीला यावरून घरात हसणं व्हायचं. रघुनाथराव माधवरावांच्या पाया पडायला वाकले की वनमाला म्हणायची, "दादा, तुम्हीच पडा ना, सरकार काय म्हणेल?"

आता त्या हसण्याचा हिशेब आला होता. कागदावर पंचावन्न पुरी झाली म्हणून खरी तीन वर्षांची नोकरी गेली होती.

"पत्रिका नेऊन दाखवा ना दफ्तरात," लक्ष्मीकांत म्हणाला. "जन्मतारीख आहे तिच्यात. तीन साल और मिल जाएँगे."

"आणि अर्ज कुणी खोटा लिहिला ते पण सांगू?" रघुनाथराव पहिल्यांदाच बोलले. "सदतीस वर्षं त्या कागदावर पगार घेतलाय. पेन्शनच राहील हातची, ती पण जाईल. तो विषय नको."

विषय संपला. माधवराव खाकरले. "मग ठरलं. अर्धी विकायची, दुकान घ्यायचं. पैसा घरात खेळता राहील. उद्या लिहून दे, रघुनाथा."

"बरं, दादा," रघुनाथराव म्हणाले.

हे 'बरं, दादा' इंदुताईंनी एकतीस वर्षं ऐकलं होतं. मुलाच्या, भालचंद्राच्या मुंजीत ऐकलं, त्यांच्या बांगड्या गहाण पडल्या तेव्हा ऐकलं, त्या सोडवल्या नाहीत तेव्हाही ऐकलं. राग यायचा आणि विरायचा. कारण माणूस वाईट असता तर राग टिकला असता, पण हा माणूस नुसता भला होता, आणि भल्या माणसावर रागावून किती वेळ बसणार? आज मात्र काही तरी खुपलं. इंदुताई उठल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि उघड्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर त्या सहसा बोलत नसत. बोलायच्या त्या दाराच्या चौकटीशी.

"अहो, एक विचारू? सरकार विकत घेणार ते पंचावन्न वर्षांच्या माणसाची पेन्शन समजून ना?"

"हो."

"पण विकणारा माणूस बावन्नचा."

"आता ते कशाला उकरायचं?" माधवराव म्हणाले.

"उकरत नाही, मोठे भाऊजी. माझे वडील दर साली मेळ्यात बैल विकायला आणायचे. लोक बैलाचं वय कमी करून सांगतात, दहाचा असला तर सातचा म्हणतात. आपण सातचा बैल दहाचा म्हणून विकतोय. आपणहून! सरकार मनात म्हणत असेल, या म्हाताऱ्याला आता किती वर्षं द्यायची? आणि आमचा बैल तर अजून…"

इथे इंदुताईंना कळलं की आपण भर बैठकीत नवऱ्याला बैल म्हटलं. त्यांनी जीभ चावली. मागं माजघरात वनमाला पदरात तोंड घालून हसू लागली आणि रघुनाथराव, ज्यांनी सकाळपासून एकदाही वर पाहिलं नव्हतं, ते बायकोकडे पाहून चक्क हसले.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "तीनशे रुपये तर सरळ सरळ जातात. आणि विकली नाही तर सरकारला वाटतंय त्याहून तीन वर्षं जास्त मी पूर्ण पन्नास घेणार. खोट्या वयानं नोकरीत माझं नुकसान केलं. पेन्शन ठेवली तर तेवढाच काय तो फायदा."

"म्हणजे मी नुकसान केलं?" माधवरावांचा आवाज बदलला. "घरात दाणा नव्हता तेव्हा. वना उपाशी झोपत होती. मी लिहिलं खोटं, हो, लिहिलं! देवापुढे रोज बसणाऱ्या माणसानं लिहिलं. तेव्हा कुणी नाही विचारलं पंधराचा की अठराचा."

माधवरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि ते लपवायला त्यांनी पंखा उचलला. इंदुताईंना वाईट वाटलं. हा माणूस हुकूम सोडायचा, पण त्यानं स्वतःसाठी कधी एक धोतर जास्त घेतलं नव्हतं.

"दादा, तुम्ही लिहिलं म्हणून आपण जगलो," रघुनाथराव म्हणाले. "ते कोण नाही म्हणतंय? लक्ष्मीकांत, तू मला एवढंच सांग. शंभर रुपये नफा तू कशावरून काढलास?"

"सेठच्या विक्रीच्या वहीवरून, काका. पूरे साल की निकाली है. खरेदी वजा केली, पगार वजा केले, भाडं वजा केलं."

"आणि जकात?"

"जकात?"

"माल कुठून येतो? कानपूर, अहमदाबाद. रियासतीच्या हद्दीत येताना नाक्यावर काय भरतो तुझा सेठ?"

लक्ष्मीकांत हळूच म्हणाला, "वो तो सेठजी खुद देखते थे. ती वही त्यांच्या घरी असायची. मी कधी पाहिलीच नाही."

"मी पाहिली आहे," रघुनाथराव म्हणाले. "सदतीस वर्षं दुसरं काय पाहिलं? तुझ्या शंभरातले साठ-पासष्ट नाक्यावर राहतात, बाळ. उरल्यात तू, तुझं लग्न आणि एखादं साल मंदीचं. सेठ मथुरेला उगाच नाही चालला." आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे लक्ष्मीकांतला जास्तच लागलं. तो चटकन उठून बाहेर ओलीत गेला, भर दुपारच्या लूमध्ये, डोक्याला पंचासुद्धा न गुंडाळता.

"जा, आता सुखानं खा पन्नास!" पद्माताई परात सरकवून म्हणाल्या आणि पुढे दिवसभर इंदुताईंशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

माधवरावांनी पंखा खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझी पेन्शन, तुझी मर्जी. नको विकू." आणि आडवे झाले.

इंदुताई परत येऊन गव्हांपुढे बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काही चाललं होतं. मोठी शर्यत जिंकल्यासारखं वाटत होतं.

वनमाला त्यांच्या शेजारी सरकली. बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती शिवपुरीहून माहेरी आली होती, ती इथेच राहिली. "वहिनी, छान बोललात," ती हळू आवाजात म्हणाली. "जिंकलात. पण तुम्हाला काय मिळालं?"

"म्हणजे? पन्नास राहिले ना पूर्ण."

"कुणाचे?"

"अहो, घराचे. ह्यांचे."

"आमच्या घरी पण पूर्णच ठेवली होती," वनमाला म्हणाली. खडे वेचायचे तिचे हात थांबले नाहीत. "अडतीस रुपये. त्यांना फार अभिमान, मी काही विकली नाही म्हणून. दर साली खजिन्यात जायचे, समोर उभे राहायचे, जिवंत आहे म्हणून दाखवायला. दोनदा दाखवून आले. तिसऱ्यांदा मी टांग्यात घालून खजिन्यात कुणाला नेऊ? पेन्शन माणसाबरोबर जाते, वहिनी. त्या महिन्याचे दिवस मोजून साडेबारा रुपये हातात दिले. ते घेऊन मी तुमच्या दारात आले."

"वन्सं, असं काय बोलता! तुम्हाला कुणी कधी काही…"

"कुणी नाही बोललं. देवाशपथ, कुणी नाही. पण लुगडं फाटलं की मी आठ-आठ दिवस ते शिवत राहते, दादांना सांगायचं कसं म्हणून. दादा लगेच आणतात. तरी मी शिवत राहते." तिनं सूप पाखडलं. "मला हे बोलता येतं, कारण माझं होऊन गेलंय. तुम्हाला बोलता येणार नाही. कुंकू लावणारी बाई हे तोंडातून काढणार कसं? म्हणून तर कुणाच्याच घरी याचा विचार होत नाही."

इंदुताई झटकन म्हणाल्या, "शुभ बोला हो!" पण मनात तो आकडा मोडायला लागला होता. पन्नास. त्यातले पंचवीस अजून दोन वर्षं भालचंद्राचे, तो काशीला इंजिनेरी शिकत होता. घराखालच्या दुकानगाळ्याचं येणारं भाडं बारा. वर्षासनाचे दहा. आणि एके दिवशी, देव न करो, पन्नासच्या जागी शून्य. मग त्या कुठं असतील? याच माजघरात, लुगडं शिवत. भालचंद्र सांभाळेल, लक्ष्मीकांतही सांभाळेल. सांभाळतीलच. तोच शब्द एकदम नकोसा झाला.

दर ज्येष्ठात त्या बारा महिन्यांचे गहू भरायच्या, बिब्बे घालून, राख लावून. पावसाळ्याची बेगमी, सणांची बेगमी, बाळंतिणीची बेगमी. आणि स्वतःची? ती करायचं आयुष्यात कधी सुचलंच नव्हतं.

चारच्या सुमारास रघुनाथराव माडीवर अर्ज लिहायला बसले. इंदुताई ताक घेऊन वर गेल्या.

"झालं तुझ्या मनासारखं," ते हसून म्हणाले. "पूर्ण पन्नास. मेळ्यातला बैल घरीच राहिला."

इंदुताई हसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं, बोल की."

"मला बोलता येत नाही ते."

रघुनाथरावांनी लेखणी खाली ठेवली. बाहेर कुठे तरी बर्फवाला ओरडत चालला होता. आईनं शिकवलं होतं, सासूनं शिकवलं होतं, प्रत्येक वटपौर्णिमेला, प्रत्येक हळदीकुंकवाला शिकवलं होतं की हा शब्द सवाष्णीनं ओठांवर आणायचा नसतो. आणला की घडतं. त्यांना खरंच भीती वाटत होती.

"तुमच्यानंतर," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर मी काय खाऊ?"

आणि मग हुंदका फुटला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. आपण किती मोठं पाप केलं असं वाटत होतं, आणि तरी शब्द निघतच होते. "मला मरण चिंतायचं नाही हो. माझं आयुष्य तुम्हाला लागो. पण वन्संचं पाहिलं ना मी. मला कुणाकडे लुगडं मागायचं नाही. भालचंद्राकडे पण नाही, त्याच्या बायकोकडे तर नाहीच नाही. मी वाईट आहे का?"

रघुनाथराव उठले नाहीत. त्यांनी समोरचा कागद बाजूला सरकवला आणि इंदुताईंना वाटलं, संपलं, दुखावला हा माणूस.

"सदतीस वर्षं," ते म्हणाले, "मी लोकांच्या वह्या तपासल्या. कुणी कुठली रक्कम धरली नाही ते मला एका नजरेत दिसतं. आत्ता त्या पोराला दाखवलं ना, जकात धरली नाहीस म्हणून. आणि माझ्याच हिशेबात तू नव्हतीस, इंदू. वनीला दारात उभी पाहिली होती मी. तरी माझ्या डोक्यात आलं नाही." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मी भिलो असेन. मरणाला नाही. दादांना."

"मग आता?"

"आता लिहू. पेन्शन पूर्ण ठेवू. त्यातले दहा रुपये दर महिन्याला पोस्टातल्या बचत खात्यात. खातं तुझ्या नावानं. माझ्या नाही, भालचंद्राच्या नाही. काढायला सही तुझी. अठरा-वीस वर्षं मी टिकलो तर व्याजासकट तीन हजारांच्या घरात जातील. आधीच गेलो तर कमी पडतील. तेवढं मात्र माझ्या हातात नाही."

"टिकायचं," इंदुताई डोळे पुसत म्हणाल्या. "हुकूम आहे माझा."

"बरं, बाई," रघुनाथराव म्हणाले.

पण दादांना सांगायचं राहिलंच होतं. संध्याकाळी लू पडली, ओलीत पाणी शिंपडलं गेलं आणि सगळे चहाला ओट्यावर बसले. लक्ष्मीकांत परत आला होता, तोंड लाल करून. रघुनाथरावांनी कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. पेन्शन आता एक तारखेला दादांच्या हातावर येईल ती चाळीस रुपये. दहा पोस्टात, इंदूच्या नावानं.

माधवराव उसळले. "पोस्टात? बाईच्या नावानं? पागनिसांच्या घरात असं कधी झालं नाही. मी काय तिला उपाशी ठेवणार आहे? म्हणजे माझ्यावर भरवसा नाही. मग सरळ वेगळी चूलच मांडा ना!"

"दादा," रघुनाथराव म्हणाले. "तुमच्यावर भरवसा आहे म्हणून सदतीस वर्षं पगार तुमच्या हातावर ठेवला. चाळीस अजूनही ठेवणार. चूल एकच राहील. पण दहा नाही देणार."

या घरात 'नाही' असं थोरल्याला धाकट्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. लक्ष्मीकांतनं मान वर केली. पद्माताई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा कोरा होता.

मग वनमाला बोलली. "दादा, तुम्ही मला कधी उणं पडू दिलं नाहीत. तुमच्यासारखा भाऊ मिळायला पुण्य लागतं. पण मला विचाराल तर दहा रुपये कमी खाऊन राहीन, पण वहिनींना माझ्यासारखं राहायला लावू नका."

"तुझ्यासारखं म्हणजे? इथे काय त्रास आहे तुला?"

"काही नाही. तोच तर त्रास आहे. रागावायला पण जागा नाही."

माधवरावांना हे लागलं. त्यांनी बहिणीच्या लुगड्याकडे पाहिलं, खांद्याजवळच्या त्या बारीक, सुबक टाक्यांकडे, आणि पहिल्यांदा ते टाके त्यांना दिसले असावेत. ते उठले, पायात खडावा घातल्या, देवळाकडे जायला निघाले. सायंपूजेची वेळ झाली होती. ओट्याच्या पायरीवर थांबून, मागं न बघता, ते घुश्शातच म्हणाले, "सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो. नऊच्या आधी जाऊ नका पोस्टात. नव्या कामाला बरा नाही."

एवढं बोलून ते गेले. रघुनाथराव आणि इंदुताईंनी एकमेकांकडे पाहिलं, आणि वनमालेनं देवाला हात जोडले.

दिवेलागणीला इंदुताई स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा पद्माताई एकट्याच कणीक मळत होत्या. दुपारपासूनचा अबोला तसाच होता. इंदुताईंनी विळी घेतली, भेंड्या चिरायला बसल्या.

"इंदू," पद्माताई कणकेकडे बघत म्हणाल्या, "त्या पोस्टातल्या खात्याला नवऱ्याची सही लागते का गं?"

"माहीत नाही, जाऊबाई. ह्यांना विचारते."

"नको. विचारू नकोस." पद्माताईंनी दाराकडे एक नजर टाकली. "रुपया रुपया टाकला तरी चालतं ना? माझ्याकडे आहेत थोडे. दूधवाल्यातून उरलेले. लक्ष्मीकांताच्या लग्नासाठी म्हणून ठेवले होते."

"चार आणे टाकले तरी चालत असेल."

"मग मी येते उद्या. ह्यांना सांगते, सोमवार आहे, अचलेश्वराला जाऊन येते." पद्माताईंचे हात कणकेतच थांबले. आवाज एवढा बारीक झाला की इंदुताईंना पुढे वाकावं लागलं. "तुझे बावन्नचे आहेत गं. हे चौपन्नचे. आणि ह्यांना तर पेन्शनही नाही."

इंदुताईंनी विळी बाजूला केली, जावेजवळ सरकून बसल्या आणि तिच्यापुढची परात स्वतःकडे ओढून घेतली.

"खोटं कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "आधी दोघी अचलेश्वराला जाऊ, तिथून पोस्टात. नऊ वाजता तयार राहा."